गोळी घेतल्यावरचा एक तास

माझ्या आईचं माझ्याशी झालेलं शेवटचं मोठं बोलणं काय होतं, ते मला ठाऊक नाही. मी तिथेच होते. तिच्यासमोर मांडी घालून बसले होते, तिला उत्तरं देत होते, मध्ये दोनदा हसलेसुद्धा म्हणे. पलीकडच्या घरातल्या काकूने ते ऐकलं. मी मात्र त्यातला एक शब्द सांगू शकत नाही. लोकांना हे पटत नाही, आणि मी त्यांच्यावर रागावत नाही. काही वर्षांपूर्वी मला कुणी असं सांगितलं असतं तर मीही "चल, नाटकं नकोत" असंच म्हटलं असतं.

आधी गोळीचं सांगते. नवरा गेला त्या साली माझी झोप उडाली. रत्नागिरीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी एकटी. रात्रभर पंख्याकडे बघायचं आणि सकाळी डोळे चोळत कचेरी गाठायची. आवक-जावकच्या टेबलावर बसून मी चुकीच्या खात्यात कागद पाठवायला लागले, तेव्हा साहेबांनीच डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पंधरा दिवसांनी परत या म्हणाले. मी कसली जाते! झोप लागत होती, मग जायचं कशाला? औषधाच्या दुकानात तोंडओळख होती. पंधरा दिवसांची चार वर्षं झाली.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे खरं सांगते. लोक काय काय घेतात. मी आपली रात्री नऊला एक बारीक पांढरी गोळी घ्यायची आणि सकाळी सहाला उठून कामाला लागायची. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मग एकेक गोष्ट निसटायला लागली. एका सकाळी उठून बघते तर ओट्यावर कोकमाचं सार करून झाकून ठेवलेलं. घरात माझ्याशिवाय कोण? म्हणजे मीच केलेलं. चांगलं झालं होतं, मीठही बरोबर होतं. पण मी ते कधी केलं, ते मला आठवेना. कचेरीतली मैत्रीण म्हणायची, "काल रात्री फोनवर ठरलं ना आपलं?" मी म्हणायची, "हो हो." काय ठरलं होतं ते तिच्याच बोलण्यातून हळूच काढून घ्यायची. पहिल्या वेळी घाबरले. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत 'हो हो' म्हणायची इतकी सवय झाली की कुणी काही विचारायच्या आत ते तोंडातून बाहेर पडायचं. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या बाईला आठवत नाही म्हटलं की लोक लगेच एकमेकांकडे बघतात, ते मला नको होतं.

आणि शहाणपण बघा माझं! कुठेतरी वाचलं होतं की झोप नीट झाली तर लक्षात चांगलं राहतं. म्हणजे आपल्याला विसरायला होतंय ते झोप कमी पडते म्हणूनच, असा मी हिशेब केला आणि एखाद्या दिवशी अर्धी गोळी जास्त घ्यायला लागले. आगीत तेल ओतावं तसं.

आई गावाला असायची. हातखंब्याच्या पुढे आत आमची वाडी आहे. चिऱ्याचं एक लांब घर, मधून भिंत घालून दोन केलेलं. एकीकडे आई, दुसरीकडे काकू. भाऊ मुंबईला. मी शनिवारी दुपारच्या एस.टी.ने जायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने थेट कचेरीला परत यायची. आईला माझ्या गोळीचा मनस्वी राग होता. "झोप काय दुकानात मिळते होय गो?" म्हणायची. माझ्या तळपायांना खोबरेल लावून काशाची वाटी घासत बसायची, वाटी काळी होईपर्यंत. मी तिच्या समाधानासाठी पाय पुढे करायची आणि तिची पाठ वळली की गोळी गिळायची. तिला ते कळायचं.  मग वाटी जरा जोरात आपटायची.

तो रविवार श्रावणाच्या अखेरचा. जेवायला कुळथाचं पिठलं आणि भात होता. नऊ वाजले तशी मी गोळी घेतली. आई मागचं आवरून, हात पदराला पुसत आली आणि म्हणाली, "आज जरा गोळी घेऊ नको गो. मला बोलायचंय तुझ्याशी."

"घेतली पण आये. बोल तू, मी ऐकतेय. चढायला अर्धा तास लागतो तिला."

तिचा चेहरा पडला. एवढं मला लख्ख आठवतं. तिने पाट ओढून घेतला, गुडघ्याशी अडकित्ता ठेवला आणि म्हणाली, "हे बघ..."

त्यापुढे सकाळ. मध्ये काही नाही. झोपल्याचंही आठवत नाही.

सकाळी मी घाईत होते, नेहमीसारखीच. सव्वासहाची गाडी चुकली की पुढची नऊला, आणि मग साहेबांची बोलणी. आई मला सोडायला आवाराच्या दगडी गडग्यातल्या बांबूच्या फाटकापर्यंत आली. आम्ही त्याला बेडं म्हणतो. तिने बेडं उघडलं, माझ्या पिशवीत दोन नारळ कोंबले आणि माझं मनगट धरून म्हणाली, "लक्षात आहे ना गो?"

"हो हो, आहे," मी म्हटलं.

तिचा चेहरा असा उजळला! मला वाटलं, नारळांचंच काहीतरी असेल. एक शेजारणीला द्यायचा असेल. मी उतरणीला लागले. खाली रस्त्यावर जाऊन उभी राहिले.

गुरुवारी काकूचा फोन आला. आई न्हाणीघराशी पडली होती. मी पोचेपर्यंत तिला अंगणात आणून ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी काकू माझ्याजवळ येऊन बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "एक बरं झालं बाय, रविवारी तुम्ही दोघी पोटभर बोललात. तासभर आवाज येत होता. हसत काय होतात! मग तिचा रडण्याचा आवाज आला. आणि तू म्हणालीस, 'हो गो आये, मी करीन. माझ्या हाताने करीन.' तेवढं मी ऐकलं. मग दिवा विझवलात."

 मी करीन? काय करीन? मी काकूला विचारलं, "कशाबद्दल बोलत होतो गं आम्ही?" काकू माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तुमच्या दोघींतलं मला काय ठाऊक? भिंतीपलीकडून सगळे शब्द थोडेच कळतात?"

भाऊ तिथेच पाण्याची कळशी घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं. तेराव्यानंतर, पाहुणे पांगल्यावर, त्याने मला एकटीला गाठलं. "ताई, आई तुला घराबद्दल, जागेबद्दल काही बोलली असेल तर सांगून टाक. मी भांडणार नाही. पण लपवू नकोस."

"मला आठवत नाही रे."

"तासभर बोललीस. हसलीस. शब्द दिलास. आणि आठवत नाही?"

"गोळी घेतली होती मी."

"गोळीने झोप येते ताई. बोललेलं नाहीसं होत नाही." त्याने पाठ फिरवली. धाकटा भाऊ तो माझा, मी कडेवर घेऊन फिरवलेला. त्याने माझ्यावर असा संशय घ्यावा याचा मला संताप आला, आणि त्याला दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं याचं रडू. मी चुलीशी जाऊन बसले. तो दुसऱ्या दिवशी मुंबईला गेला तो नुसतं "येतो" म्हणून.

मग माझं सुरू झालं. शब्द तर दिलाय, मग तो पाळायला हवा. तिने काय मागितलं असेल? तिची नथ भावाच्या मुलीला द्यायची होती का? दिली. तुळशीवृंदावनाचा एक चिरा निखळला होता, तो बसवून घेतला. काकूशी तिचं कधीकाळी विहिरीवरून वाजलं होतं, म्हणून काकूला साडी नेली आणि आईच्या वतीने माफी मागितली. काकू म्हणाली, "ते मी कधीच विसरले गो, तू कशाला उकरतेस?" एकेक करून मी आईच्या सगळ्या जुन्या इच्छा काढल्या आणि पुऱ्या केल्या. प्रत्येक वेळी वाटायचं, हेच असेल. आणि लगेच वाटायचं, छे, एवढ्याशासाठी ती रडली नसती.

एका शनिवारी मी गोळ्यांची सगळी पाकिटं चुलीत घातली. वाटलं, गोळी गेली की तिच्याखाली दडपलेलं वर येईल. चार रात्री डोळ्याला डोळा नाही. हात थरथरायला लागले, छातीत धडधड, कचेरीत चहाचा कप हातातून सुटला. शेवटी डॉक्टरकडे गेले, चार वर्षांनी. आधी ते मला चांगलंच बोलले. "पंधरा दिवसांची गोळी चार वर्षं घेता आणि एका दिवसात सोडता? असं एकदम सोडणं धोक्याचं असतं बाई. पायरीपायरीने उतरायचं." मग शांत होऊन त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मी एकच विचारलं. "ते बोलणं परत आठवेल का?"

ते म्हणाले, "माणूस झोपला की डोकं झोपत नाही. दिवसभरात जे ऐकलं, पाहिलं, त्यातलं काय ठेवायचं ते रात्री मुरतं. लोणचं मुरतं ना, तसं. ह्या गोळीची झोप अगदी आपल्या झोपेसारखी नसते, आणि काही माणसांत त्या मुरण्यात खोट येते. पण तुमचं दुखणं त्याच्याही आधीचं आहे. गोळी पोटात गेली आणि तुम्ही जाग्या राहून बोलत बसलात. अशा वेळी माणूस बोलतो, हसतो, समोरच्याला शंकाही येत नाही. पण ते बरणीत पडतच नाही, मग मुरणार काय? सगळ्यांना असं होतं असं नाही. तुम्हाला झालेलं दिसतं."

"म्हणजे नाही आठवणार."

"मी खोटी आशा दाखवणार नाही," ते म्हणाले. त्यांनी मला गोळी कमी करण्याचा कागद करून दिला. इतके आठवडे पाऊण, इतके आठवडे अर्धी. मी बाहेर आले आणि रिक्षा न करता चालत घरी गेले. वाटेत रडत होते. कुणी ओळखीचं भेटलं तर भेटू दे, अशी माझी अवस्था होती.

फाल्गुनात शिमगा आला. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवीची पालखी घरोघर येते. घरात मृत्यू होऊन वर्ष झालं नव्हतं, पण पालखीने कुणाचं दार चुकवायचं नाही, अशी आमच्या वाडीची रीत. भाऊ मुंबईहून आला. माझ्याशी कामापुरतं बोलत होता. मी अंगण सारवलं, रांगोळी घातली, ओटीचं ताट तयार ठेवलं. दुपारी अडीच-तीनला ढोल जवळ आले आणि पालखी आमच्या अंगणात उतरली. वाडीतली सगळी माणसं मागोमाग. बायका ओटी भरायला पुढे झाल्या.

आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात ते गुरव खूप म्हातारे आहेत. गाऱ्हाणं म्हणजे देवीपुढे घराचं सुखदुःख मोठ्याने मांडायचं, आणि सगळ्यांनी "होय महाराजा" म्हणून त्याला साथ द्यायची. कुणी कधी काय नवस बोललं, ते सगळं ह्या म्हाताऱ्याच्या डोक्यात. कागद नाही, वही नाही. गेल्या साली बोललेला नवस ते पुढच्या साली त्या दारात उभे राहून विचारतात, फळला का म्हणून. फळला असेल तर तो फेडायचा.

त्यांनी पालखीवर हात ठेवला, घसा खाकरला आणि मला जवळ बोलावलं.

"बाय, तुझ्या आयेनं गेल्या शिमग्यात माझ्या कानात एक नवस घातलान होता. मोठ्यानं बोलू नका म्हणाली, लेकीचा चारचौघांत बोभाटा नको. पण जाण्याआधी लेकीच्या कानावर घालते, असं मला श्रावणात देवळात सांगून गेली. सांगितलंन ना तुला?"

'हो हो' अगदी ओठांपर्यंत आलं होतं. सगळी वाडी बघत होती. भाऊ हातात आरतीचं ताट घेऊन उभा. मी म्हटलं, "सांगितलं असेल. मी गोळी घेतली होती. मला त्यातलं काहीच आठवत नाही."

कुणीतरी मागे कुजबुजलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मग म्हणाले, "मग आता लपवून काय! ऐक. ती म्हणाली, माझी लेक गोळी खाऊन झोपते. नवरा गेल्यापासून तिची झोप हरवली. ती तिला परत मिळू दे. तिला तिची झोप लागली की माझ्या लग्नातला शालू तुला नेसवीन माऊली. आणि मी नसले तर लेक नेसवील, आपल्या हातानं."

माझ्या हाताने करीन. काकूने ऐकलेलं ते हेच.  सात महिने मी विहिरी, नथी, चिरे शोधत होते, आणि आईला माझ्याकडून कशाचीच अपेक्षा नव्हती, मी झोपावं एवढं सोडून. तेच सांगायला ती समोर बसली होती आणि त्याच वेळी गोळी माझ्या पोटात विरघळत होती.

"आता सांग," म्हातारे म्हणाले. "लागते झोप? फळला नवस?"

शालू वर पेटीत होता. हो म्हटलं असतं तर तिथल्या तिथे फिटलं असतं, आई मोकळी झाली असती. मी म्हटलं, "नाही. अजून अर्धी घेते. कमी करत आणलीय. पण अर्धी घेते."

"मग अजून फेडायचा नाय," ते म्हणाले. "खोटा फेडलेला नवस देव घेत नाय." त्यांनी हात जोडले आणि मोठ्याने सुरुवात केली. "हे माऊली, ह्या घरची आई गेली, तिचा शब्द मागं राहिला. लेक तुझ्यासमोर खोटं बोलली नाय. तिची झोप तिला दे, आणि तुझं लुगडं तू घेऊन जा!"

"होय महाराजा!" सगळी वाडी म्हणाली. त्यात भावाचा आवाज होता. तो फुटलेला होता.

पालखी पुढे गेल्यावर त्याने चहा केला. मला कप दिला आणि ओसरीवर माझ्या शेजारी येऊन बसला. "ताई, मला वाटलं होतं..." एवढं बोलून थांबला. मी म्हटलं, "ठाऊक आहे रे. चहा पी." साखर घालायला तो विसरला होता. आम्ही तसाच प्यायलो.

आता मी पाव गोळीवर आले आहे. डॉक्टर म्हणतात, अजून दोन महिने. कधी पहाटे तीनला जाग येते ती येतेच, कधी मात्र लागते झोप, आपली आपली, स्वप्नासकट. शालू मी पेटीतून काढून उन्हाला दिला आणि कापूर घालून परत ठेवला. येत्या शिमग्याला नेसवायची उमेद आहे. नवस काय होता तेही कळलं. पण तो मला गुरवाच्या तोंडून कळला, आईच्या नाही. ती तो कशी म्हणाली, मध्येच कशाला हसलो, ती रडली तेव्हा मी तिचे डोळे पुसले की नुसती बघत बसले, ते आता ह्या जगात कुणालाच ठाऊक नाही.

त्या सोमवारची सकाळ मात्र मला लख्ख आठवते. ती वेळ गोळीची नव्हती. मी शुद्धीत होते. आईने विचारलं, लक्षात आहे ना, आणि तिथे मी एकदा नाही म्हटलं असतं तर तिने परत सांगितलं असतं. जरा चिडली असती, पण सांगितलं असतं. आणि गाडीची सबब मी स्वतःलाही सांगू शकत नाही. त्या दिवशी गाडी दहा मिनिटं उशिरा आली होती. मी खाली रस्त्यावर घड्याळ बघत उभी होते, आणि आई वर बेड्यापाशी, गाडी येईपर्यंत.